चार नंबरच्या मशीनची शोधपट्टी

आबा घरी आले की आधी त्यांचा वास यायचा. फिनेल, आयोडीन आणि जनावरांच्या अंगाचा ऊबट वास. युसूफ वडगावच्या जनावरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. डॉक्टर सांगतील तशी जखम धुणं, पट्टी बांधणं, बैलाला लोखंडी खोड्यात घालून धरून ठेवणं हे त्यांचं काम. ओसरीवर पाय धुऊन ते चुलीपुढं बसत. माय तव्यावरून उतरवलेली भाकरी तशीच त्यांच्या ताटात टाकायची, सोबत येसराची आमटी नाहीतर शेंगदाण्याची चटणी आणि कांदा, आणि आबा भाकरी कुस्करता कुस्करता दिवसभराची जनावरं सांगायचे. कुणाच्या बैलाला फऱ्या झाला, कुणाची शेळी प्लास्टिक खाऊन आली. शेजारी पिठाची गिरणी होती. तिचा पट्टा फटफटायला लागला की आबा आवाज चढवायचे, आणि गिरणी मधेच थांबली की त्यांचं शेवटचं वाक्य सगळ्या आळीला ऐकू जायचं. "म्हशीची जार अडकलीती," असलं काहीतरी. माय म्हणायची, "जेवताना तरी जरा बरं बोला." पण घटकाभरानं तीच विचारायची, "मंग सुटली का?"

मी बारावी झाले होते. मला पुढं अंबाजोगाईला कॉलेजात घालायचं की स्थळं बघायची, यावर घरात रोज थोडं थोडं बोलणं होई आणि काहीच ठरत नसे. त्या न ठरलेल्या दिवसांत मी बाजारपेठेतल्या इस्माईलचाचांच्या नेट सेंटरवर बसायला लागले. चाचा मूळचे फोटोग्राफर. आमच्या पंचक्रोशीतल्या बहुतेक लग्नांचे फोटो त्यांनी काढलेले. पुढं ज्याच्या त्याच्या हातात कॅमेऱ्याचा फोन आला आणि स्टुडिओत फक्त पासपोर्ट फोटोवाले उरले, तेव्हा त्यांनी चार कॉम्प्युटर आणून स्टुडिओचंच नेट सेंटर केलं. भिंतीवरचा धबधब्याचा आणि राजहंसांचा रंगवलेला पडदा तसाच ठेवला होता, त्यामुळं पोलीस भरतीचा फॉर्म भरणारी पोरं धबधब्यापुढं बसलेली दिसत. चौथी मशीन आतल्या डार्करूममध्ये होती. तिथं खिडकी नव्हती, की-बोर्डची दोन बटणं उडालेली होती, आणि गिऱ्हाईक सहसा तिकडं जात नसे.

माझं काम म्हणजे लोक सांगतील ते शोधून देणं. ऐकायला सोपं वाटतं. लोक त्यांच्या शब्दांत सांगत आणि मशीनला इंग्रजी लागे. एकदा तेलगावकडचे एक आजोबा आले. त्यांच्या कपाशीवर लाल्या पडला होता, पानं लाल होऊन गळत होती. मी इंग्रजी अक्षरांत 'लाल्या' टाइप केलं. पडद्यावर कुठल्या तरी लाल्या नावाच्या माणसाचे फोटो आले, मोटारसायकलवर बसलेला, गॉगल घातलेला. आजोबा बराच वेळ त्या फोटोंकडं बघत राहिले आणि म्हणाले, "ह्याला इचारायचं का?" ते टिंगल करत नव्हते. मशीननं ज्याअर्थी माणूस दाखवला त्याअर्थी तो जाणता असेल असं त्यांना वाटलं. मला फार शरम वाटली. मी पुन्हा पुन्हा काहीबाही टाइप केलं, अर्धा तास गेला, त्यांची एस. टी. आली आणि ते तसेच गेले. त्या संध्याकाळी मी अर्धी भाकरी ताटातच ठेवली. आबांनी विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "तुला इंग्रजी येत न्हाई म्हून न्हाई. त्याला मराठी येत न्हाई." मग पाणी पिऊन म्हणाले, "जनावराला तर कुठलीच येत न्हाई. तरी आपुन त्याचं दुखणं वळखतोच की."

आम्ही वापरायचो त्या ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यात शोधायची एक बारीक पट्टी होती. तिच्या डाव्या टोकाला इवलासा बाण होता, आणि इतके दिवस मी त्याच्याकडं बघूनही बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर टिचकी मारली तर खाली एक यादी उघडली. शोध कुठं घ्यायचा ते त्यातून निवडता येत होतं. शब्दकोशात, ज्ञानकोशात, दुकानात. यादीच्या तळाशी आणखी जोडायची सोय होती. ती मला एका भल्या मोठ्या पानावर घेऊन गेली. तिथं ॲड-ऑन नावाचे लहान लहान जोडतुकडे होते, जगभरातल्या लोकांनी आपापल्या सोयीसाठी करून ठेवलेले आणि फुकट. आपल्याला हवा तो घ्यायचा, की आपल्या ब्राउझरला तो नवा अवयव फुटायचा. आज माझ्या भाच्या फोनला तोंडी विचारतात आणि फोन त्यांना मराठीत उत्तर देतो. त्यांना हे सांगायला गेलं तर त्या माझ्याकडं दयेनं बघतात. पण दुसऱ्यानं बनवून दिलेली वस्तू आपल्या गरजेप्रमाणं बदलता येते, ती बदलायला कुणाची परवानगी लागत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. शिवणाच्या मशीनपासून लग्नापर्यंत आमच्याकडं प्रत्येक गोष्ट जशी मिळेल तशी वापरायची असते.

उतावीळपणानं मी पहिल्याच दिवशी घोटाळा केला. त्या पानावरून घेण्याऐवजी भलत्याच एका साइटवरून मी एक टूलबार उतरवला, कारण तो 'सर्व भाषांत शोध' असं म्हणत होता. त्यानं वरच्या तीन ओळी अडवल्या, पहिलं पान बदललं, आणि काहीही शोधलं की जुगाराच्या आणि बायकांच्या जाहिराती उघडायला लागल्या. मी तो एक नंबरच्या मशीनवर टाकला होता. तिथं गावातले एक गुरुजी मुलीच्या नर्सिंगचा फॉर्म भरत होते. त्यांच्या पुढ्यात ते सगळं उघडलं. मुलगी उठून बाहेर गेली, गुरुजी चाचांना वाटेल ते बोलले. केजहून माणूस बोलावून मशीन पुसून घ्यावी लागली, आणि दोन दिवस ती बंद राहिली.

चाचा ओरडणारे नव्हते. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, स्वतः उभे राहिले आणि म्हणाले, "कावून केलं बेटी?"

मी सांगितलं, लाल्याचं.

"ते खरं हाय. पण मशीन माझी हाय, आन गिऱ्हाईक बी. आता सेटिंगला बोट लावायचं न्हाई."

"लावनार चाचा," मी म्हणाले. "चुकलं माझं. पण मला ते नीट शिकायचं हाय. चार नंबरची मशीन द्या. तिच्यावर कुनी बसत न्हाई. ती बिघडली तर मी उद्यापासून येनार न्हाई."

चाचांनी तपकिरी पडलेल्या बोटांनी दाढी खाजवली. वर्षानुवर्षं रसायनांत बुडून ती बोटं तशीच झाली होती. ते म्हणाले, "येनार न्हाई म्हनू नको. बिघडली तर तूच दुरुस्त करायची."

त्या दिवसापासून दुपारी दोन तास सामसूम असायची तेव्हा मी डार्करूममध्ये बसायला लागले. शंभरपानी वही घेतली. एका वेळी एकच ॲड-ऑन टाकायचा, हा नियम केला. वहीत त्याचं नाव लिहायचं, तो काय करतो, काय बदलतो, कोणी बनवलाय, लोक त्याच्याबद्दल काय म्हणतात, आणि काढायचा कसा. आधी काढून बघायचा. नीट निघाला तरच पुन्हा टाकायचा. लाइट गेली की यूपीएस टूं टूं करायचा, मी घाईनं लिहून घ्यायचे आणि काळोखात लाइट यायची वाट बघत बसायचे. माय डब्यात सुशीला द्यायची, भिजवलेल्या मुरमुऱ्यांची, वर दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची. काळोखात ती खाताना मिरची कुठली आणि कोथिंबीर कुठली ते दातांनीच कळायचं. मायला हे बसणं पसंत नव्हतं. "भिताडाकडं तोंड करून काय करती गं इतकं?" ती विचारायची. बघायला येणाऱ्या एका स्थळानं 'मुलगी काय करते' असं विचारलं तेव्हा तिनं 'शिवण शिकते' असं सांगून टाकलं. मी आतून बाहेर आले आणि सांगितलं की मी शिवण शिकत नाही, कॉम्प्युटरवर काम करते. ते स्थळ चहा पिऊन गेलं. माय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डब्यात सुशीला नेहमीपेक्षा जास्त होती.

पंधरा-वीस तुकडे टाकून काढून झाल्यावर मला हवा तो सापडला. शोधपट्टीत गेलं की खाली मराठी अक्षरांची एक पाटी उघडायची, क ख ग घ पासून काना-मात्रेपर्यंत, आणि माउसनं एकेक अक्षर टिपलं की ते पट्टीत जाऊन बसायचं. उडालेल्या बटणांचाही प्रश्न मिटला. पण अर्धंच काम झालं होतं. मराठीत शब्द टाकला तरी शोध साऱ्या दुनियेत व्हायचा आणि आमच्या उपयोगाचं सातव्या-आठव्या पानावर यायचं. शेतीची माहिती मराठीत देणारी एक साइट मला ठाऊक होती. तिच्यातच शोध घेणारा तुकडा कुणी बनवलेला नव्हता. बनवणार तरी कोण? मग मी दुसऱ्या एका साइटचा तुकडा उघडून आत कसा आहे ते बघितलं. चारसहा ओळी होत्या. साइटचा पत्ता, आणि पत्त्यात जिथं माणसाचा शब्द जायचा तिथं एक खूण. बाकी सगळं नावगाव. मी त्या ओळी वहीत उतरवल्या, पत्ता बदलला, फाइल केली. चालली नाही. कंस चुकला होता. मग अवतरणचिन्ह. मग मराठी अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी यायला लागल्या. आठवडाभर रोज चुकत राहिले, आणि प्रत्येक चूक वहीत लिहिली. ज्या दुपारी पट्टीच्या यादीत मी दिलेलं 'शेती' हे नाव उमटलं, तेव्हा मी 'लाल्या' टाकून बघितलं. कपाशी आली. लाल पानांचे फोटो, कारणं, उपाय. मी ते पान छापून घेतलं आणि तेलगावच्या आजोबांना द्यायचं म्हणून बरेच दिवस ठेवलं. ते पुन्हा काही आले नाहीत.

चाचांना मी दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं, मान डोलावली आणि म्हणाले, "चांगलंय. आतच राहू दे." बाकीच्या तीन मशीनला हात लावायची परवानगी मिळाली नाही.

दिवाळी होऊन गेली. ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकांत बसून गेल्या, गाव निम्मं रिकामं झालं. शेतातली जवारी काढून झाली होती, बुडखे उभे होते. अशात एका सकाळी दहा-साडेदहाला चाचांचा फोन वाजला. चाचांनी तो माझ्या हातात दिला. आबा होते. मागं बाई रडत होती.

"धुरपदाच्या गाईंला किरळ लागलीय," ते म्हणाले. "डॉक्टर साहेब दौऱ्यावर गेलेत, फोन लागंना. दवाखान्याच्या कपाटात ते इंजेक्शन न्हाई. एक गाय पडली. दोन थरथरायल्यात. बघ काय सापडतंय का. लई टाइम न्हाई."

धुरपदाकाकू आमच्या रानाशेजारची. नवरा टोळीबरोबर गेलेला, ती तीन गाईंसाठी मागं राहिलेली. जवारी काढल्यावर बुडख्यांना जे कोवळे हिरवे कोंब फुटतात ती किरळ. ते पोटात गेले की विष होतं आणि जनावर बघता बघता जातं. हे गावात सगळ्यांना माहीत असतं, काकूलाही होतं. गाईंनी दावी तोडली होती.

मी समोरच्याच एक नंबरच्या मशीनवर इंग्रजी अक्षरांत 'किरळ' टाइप केलं. मशीननं विचारलं, तुम्हाला केरळ म्हणायचंय का, आणि नारळाची झाडं आणि नावा दाखवल्या. मी उठले आणि आत पळाले. चार नंबरवर पाटी उघडली, यादीतून 'शेती' निवडलं, क, वेलांटी, र, ळ. काही सापडलं नाही असं आलं. मग वाटलं, लिहिणाऱ्यानं वेगळं लिहिलं असेल. रला काना देऊन 'किराळ' केलं. नाही. मग 'ज्वारी विषबाधा'. तिसऱ्या ओळीवर पान होतं. मी मोठ्यानं वाचायला लागले, फोन कानाशी होता. आधी शिरेतून द्यायच्या इंजेक्शनचं लिहिलं होतं, ते आमच्याकडं नव्हतं. खाली होतं की पोटातलं विष मारायला सोडियम थायोसल्फेट पाण्यात विरघळवून पाजावं, आणि त्याचं माप.

"ते कुठं भेटतंय?" आबा म्हणाले. "मेडिकलात न्हाई भेटनार. केजला जावं लागंल."

चाचा दारात उभे होते. "पुन्हा वाच," ते म्हणाले.

मी वाचलं. "सोडियम थायोसल्फेट."

"हायपो," चाचा म्हणाले. "फोटो धुवायचा हायपो. त्योच तर त्यो."

त्यांनी मला बाजूला सारलं, माझ्या डोक्यावरच्या फळीला हात घातला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची बरणी काढली. आत खडीसाखरेसारखे पांढरे खडे होते. मी एवढे महिने त्या फळीखाली बसत होते. आबांनी फोनवर विचारलं, "त्यात दुसरं काय मिसळलेलं तर न्हाई ना?" चाचा म्हणाले, "कोरा हाय. त्यात घालायचं ॲसिड मी अलग ठेवीत होतो. माझ्या हातानं भरलाय."

भर दिवसा त्यांनी शटर ओढलं. मला मागं बसवून स्कूटर काढली. बरणी माझ्या मांडीवर होती आणि निघताना छापून घेतलेलं विषबाधेचं पान पोलक्यात खोचलेलं. पांदीच्या वाटेवर गाडी दोनदा घसरली, चाचांनी पाय टेकवून ती सावरली. आम्ही काकूच्या रानात पोचलो तेव्हा पहिली गाय मेली होती. धुरपदाकाकू तिच्याजवळ नव्हती. ती दुसऱ्या गाईचं तोंड मांडीवर घेऊन बसली होती. तिसरी, पहिलटकरू कालवड, पाय फाकून उभी होती आणि भात्यासारखा श्वास घेत होती. आबांनी पान वाचायला वेळ घालवला नाही. "माप सांग," म्हणाले. मी सांगितलं. चाचांनी बादलीत खडे टाकले आणि काठीनं ढवळायला लागले, डार्करूममध्ये ढवळत असतील तसे, सावकाश आणि न थांबता. आबांनी गाईची मान वर करून, जिभेला धक्का न लावता, गालाच्या कडेनं बाटली लावली. थोडं पाजायचे, थांबायचे, गिळलेलं बघायचे. घाईनं पाणी फुप्फुसात गेलं असतं तर आमच्याच हातून ती मेली असती. इतकी घाई असताना इतकं सावकाश वागणारे आबा मी पहिल्यांदाच बघितले. घरी सांगत त्या सगळ्या गोष्टींत त्यांनी स्वतःबद्दल हे कधी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर आले तेव्हा दुपार झाली होती. कुणीतरी मोटारसायकलवर जाऊन त्यांना गाठलं होतं. त्यांनी दोघींना इंजेक्शनं दिली, बरणी उघडून एक खडा बोटांवर घेतला आणि आबांना विचारलं, "कुणी सुचवलं?" आबांनी माझ्याकडं बोट केलं. मी चाचांकडं केलं. डॉक्टर म्हणाले की तेवढ्यानं वेळ निभावली, नाहीतर त्यांना यायचं कारणच उरलं नसतं. ऊन कलायच्या आत कालवड उठून उभी राहिली. गाय दुसऱ्या दिवशी उठली. मेलेली गाय तीच जास्त दूध देणारी होती, आणि तिच्यामागं आठ दिवसांचं वासरू होतं. आम्ही दोन वाचवल्या हे मी पुढं खूपदा सांगितलं. गेलेल्या गाईचं सांगायला मला खूप वर्षं लागली. पहिलाच शब्द मी बाहेरच्या मशीनवर टाकला नसता, सरळ आत गेले असते तर? आबा म्हणायचे, ती मी फोन करायच्या आधीच गेलीती. खरंच तसं होतं की त्यांनी माझ्यासाठी तसं ठरवलं, हे मी त्यांना ते असेपर्यंत विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांनी तीन नंबरच्या मशीनवरचं कापड काढलं, खुर्ची पुसली आणि म्हणाले, "वही आन. हिच्यावर बी लाव ते. मंग दोन, मंग एक." मी एका दमात तिन्ही करायला निघाले तर म्हणाले, "एका टायमाला एकच. तुझाच नियम हाय." त्याच आठवड्यात आबांनी पुढच्या वर्षासाठी अंबाजोगाईच्या कॉलेजचा फॉर्म आणून मायच्या पुढ्यात ठेवला. माय वाचून म्हणाली, "हिला डबा कोन देनार तितं?" आमच्या घरात होकार असाच असायचा.

चार-पाच दिवसांनी धुरपदाकाकू सेंटरवर आली. चपला बाहेर काढून ठेवल्या, धबधब्याच्या पडद्याकडं एकदा बघितलं आणि माझ्यापुढं उभी राहिली. "वासरू दुसऱ्या गाईला लागंना," ती म्हणाली. "ती लाथा मारती. त्याला वरचं दूध कसं पाजावं ते हाय का तुज्या ह्याच्यात?"

मी टिपायला हात पुढं केला आणि थांबले. काकू प्रौढांच्या वर्गात दोन हिवाळे गेलेली होती, सही करायची. मी उठून तिला माझ्या खुर्चीत बसवलं, अक्षरांची पाटी उघडली आणि माउस तिच्या हाताखाली दिला.

"मला न्हाई जमायचं," ती म्हणाली.

"वासरू लिवा," मी म्हणाले.

तिनं डोळे बारीक केले. बाण पाटीवर इकडून तिकडं पळाला, राजहंसासारखा नाही, चुकार शेळीसारखा. तिनं त्याला परत आणलं. व सापडायला बराच वेळ लागला. मागं दोन पोरं फॉर्मसाठी खोळंबली होती, चाचांनी त्यांना बाकावर बसवलं. कानाही सापडला. स तिनं स्वतःशीच पुटपुटत शोधला, र वर आली आणि थांबून मला विचारलं, "पुढला उकार ऱ्हस्व का दीर्घ?"

"दीर्घ," मी सांगितलं, आणि हात मागं बांधून उभी राहिले.